'आली' नव्हे, आणली

आपल्याकडे एक वाक्य कायम तयार असतं. एखादी जुनी नटी गेली, की त्यात नाव आणि आकडा भरायचा आणि लावून द्यायचं: 'वयाच्या अवघ्या अमुक वर्षी तिने चित्रपटसृष्टीत पदार्पण केलं.' अमुकच्या जागी कधी तेरा असतं, कधी नऊ, कधी सहा, कधी चार. आकडा जितका लहान, तितकं कौतुक मोठं. वाचणारा मान डोलावतो आणि अंगठ्याने पुढे सरकतो.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. कारण त्याचा कर्ताच खोटा आहे.

सहा वर्षांचं मूल शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा स्वतःहून जात नाही. कुणीतरी त्याचे केस विंचरतं, कपडे चढवतं, बोट धरून नेतं. मग सहा वर्षांची मुलगी स्टुडिओत 'आली' कशी? ती आणली गेली. आणि 'आणली' म्हटलं, की पाठोपाठ प्रश्न येतात. कुणी आणली? घरात काय चाललं होतं? शाळेचं काय झालं? पैसे कुणाच्या हातात पडले? 'पदार्पण' या भारदस्त शब्दात हे सगळे प्रश्न गडप होतात. बालमजुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चहाच्या टपरीवरचा छोटू येतो. चेहऱ्यावर पावडर लावलेली, दिव्यांच्या उजेडात दहाव्यांदा रडून दाखवणारी मुलगी येत नाही.

या व्याकरणाचा सगळ्यात मोठा मराठी बळी म्हणजे हंसा वाडकर.

रतनची हंसा

विशीत असाल तर हे नाव तुम्हांला कदाचित नुसतं ऐकून माहीत असेल. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३० आठवड्यांहून अधिक चालला. त्यातली लावणी आजही लग्नाच्या हॉलमध्ये वाजते. ती पडद्यावर जयश्री गडकरांची. चित्रपटाचा कणा मात्र हंसाबाई. त्याआधी प्रभातचा 'संत सखू' (१९४१), 'रामशास्त्री' (१९४४), राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७), पु. ल. देशपांड्यांबरोबरचा 'पुढचं पाऊल' (१९५०). मराठी बोलपटाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांतून ही बाई वजा केली, तर मोठं खिंडार पडेल.

तिचं खरं नाव रतन भालचंद्र साळगावकर. सावंतवाडीकडचं, कलावंतिणींची परंपरा असलेलं घर. वडील दारू पिणारे, घरात पैशांची चणचण. 'विजयाची लग्ने' हा तिचा पहिला चित्रपट १९३६ सालचा. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती, आणि तिच्यासमोर नायक होते 'ललितकलादर्श'चे बापूराव पेंढारकर, चाळिशी ओलांडलेले. शाळा मागे पडली. नावही मागे पडलं. नात्यातल्या इंदिराबाई वाडकर आधीपासून गाण्या-सिनेमाच्या क्षेत्रात होत्या. त्यांचं आडनाव हिला लावलं, रतनची हंसा झाली आणि घर चालू लागलं.

ही माहिती नवी नाही. हंसाबाईंनी स्वतःच ती सांगितली. अरुण साधूंनी शब्दांकन केलं, 'माणूस'मधून ते छापून आलं आणि १९७० साली 'राजहंस'ने पुस्तक काढलं. त्यावरून प्रेरणा घेऊन श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. त्यासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे ही बाई काही विस्मृतीत गेलेली नाही. आपण तिच्याबद्दल भरपूर बोललो आहोत. माझी तक्रार आपण काय बोललो याबद्दल आहे.

'रक्तातच होतं' म्हणजे काय?

सगळ्यात सोपं स्पष्टीकरण असं: कलावंतिणीच्या घरची मुलगी, कला रक्तातच होती, ती दुसरं काय करणार?

दिसायला हे कौतुक आहे. पण याच काळातली दुसरी बाई बघा. दुर्गा खोटे. मुंबईतल्या सुखवस्तू, शिकलेल्या घरची मुलगी, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला तेव्हा तिची पंचविशी उलटली होती, लग्न झालेलं होतं, मुलं होती. तिलाही पैशांची गरज होती. पण तिच्याबद्दल लिहिताना आपण 'रक्त' म्हणत नाही. आपण म्हणतो धाडस, निर्णय, पायंडा पाडला, घरंदाज स्त्रियांसाठी दार उघडलं.

दोघींना घरची अडचण होती. एक प्रौढ होती, शिकलेली होती, उच्चवर्णीय होती, म्हणून तिच्या वाट्याला 'निर्णय' आला. दुसरी लहान होती, तिची शाळा सुटली होती, घराण्यावर शिक्का होता, म्हणून तिच्या वाट्याला 'रक्त' आलं. दुर्गाबाईंचं मोठेपण मला कमी करायचं नाही, त्यांनी खरोखरच दार उघडलं. पण ज्या घरांतल्या मुलींना त्या दारातून आत ढकलण्यात येत होतं, त्यांनी कुणाला विचारायचं?

जातीचं काम अगदी शांतपणे चालतं. काही घरांतल्या मुलींनी शाळेत जायचं असतं, आणि काही घरांतल्या मुलींच्या 'अंगातच' काहीतरी असतं. अंगातच असेल तर शिकवायला नको, विचारायला नको, आणि पैसे द्यायचे झालेच तर तिच्या हातात द्यायला नकोत.

सखूची रजा

'संत सखू' यूट्यूबवर कधी सापडला तर बघा. गोष्ट तुम्हांला माहीत असते. कराडची सखू, सासरचा छळ, पंढरीची ओढ. ती वारीला निघून जाते आणि तिच्या जागी विठ्ठल सखूचं रूप घेऊन सासरी राबतो. दळतो, पाणी भरतो, बोलणी खातो.

भक्तीची कथा आहे, मान्य. पण घरकामात पिचलेल्या बायकांनी ती शेकडो वर्षं सांगितली, त्याचं एक कारण साधं असावं. देव आला आणि त्याने आपलं काम केलं. आपल्याला रजा मिळाली.

या भूमिकेत हंसा वाडकर आहे. तेव्हा तिचं वय अठराच्या आसपास, आणि कामावर लागून पाच वर्षं झालेली. पडद्यावर सखूला रजा मिळते. सखूचं काम करणाऱ्या मुलीला ती पुढची वीस वर्षं मिळाली नाही. तिच्या जागी राबायला कुणी आलं नाही, कारण तिच्या राबण्यावर बरीच माणसं जेवत होती.

हे मी उगाच लावून बोलत नाही. 'सांगत्ये ऐका' वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की या बाईला सिनेमा सोडायचा होता. लग्न केलं तेव्हा तिच्या डोक्यात संसार होता, घर होतं, मूल होतं. नवऱ्याला मात्र ती कमावती हवी होती. तिने काम करावं, आणि वर कामावरच्या प्रत्येक पुरुषावरून त्याचा संशय सहन करावा, अशी ती व्यवस्था होती. 'भूमिका'मध्ये हे बेनेगलांनी नेमकं पकडलं आहे. अमोल पालेकरांचा केशव बायकोची कामं ठरवतो, व्यवहार बघतो आणि तिच्यावर पाळत ठेवतो. एकाच माणसात दलाल आणि पहारेकरी. आणि तो तिच्या आयुष्यात येतो ती लहान असल्यापासून, घराला मदत करणारा भला माणूस म्हणून.

पुस्तक वाचलं असेल तर पुन्हा एकदा वाचा. या वेळी प्रेमप्रकरणं बाजूला ठेवा आणि पैशांवर नजर ठेवा. काम कुणी ठरवलं, पैसे कुणाच्या हातात गेले, घर कुणाच्या जिवावर चाललं, आणि या बाईला दोन दिवस घरी बसावंसं वाटलं तर कुणाच्या पोटात गोळा आला. संपूर्ण वेगळं पुस्तक वाचल्यासारखं वाटेल.

दोन लेबलं

हंसाबाईंसाठी आपण दोन लेबलं तयार केली.

पहिलं 'अभागी'. हे जुन्या पिढीचं. एवढी गुणी नटी, पण दारू, पुरुष, वाताहत, अरेरे. यात वरवर कळवळा असतो आणि आत मापं काढणं असतं. किती पुरुष? किती प्यायची? ज्या बाईने स्वतः सगळं मोकळेपणाने सांगितलं, तिच्याकडून आपण नेमकं तेवढंच उचललं.

दुसरं 'बंडखोर'. हे माझ्या पिढीचं, आणि थोडं तुमच्याही. काळाच्या पुढची स्त्री, स्वतःच्या अटींवर जगलेली, लैंगिकतेबद्दल बेधडक बोलणारी. मीही कधीतरी हे लिहिलं आहे. आज मागे वळून बघताना लाज वाटते.

कारण कसल्या 'स्वतःच्या अटी'? ती घर सोडून गेली ती कुठे गेली, बघा. मराठवाड्यातल्या एका जमीनदाराच्या घरात, त्याची तिसरी बायको म्हणून. डोक्यावर पदर घेऊन, बाहेर पडायलाही परवानगी लागेल अशा बंदोबस्तात ती तिथे सुमारे तीन वर्षं राहिली. बंडखोरीच्या व्याख्येत हे बसवायचं कसं? बसत नाही, म्हणून आपण ते प्रकरण 'चक्रावून टाकणारं' म्हणून सोडून देतो.

मला ते अजिबात चक्रावून टाकणारं वाटत नाही. बारा-तेराव्या वर्षापासून राबणाऱ्या बाईला एक असं घर मिळालं, जिथे तिला कमवायला कुणी सांगत नव्हतं. तिने त्यासाठी मोकळीक मोजली. पुढे कळलं की हाही पिंजराच आहे, तेव्हा तीही किंमत परवडेना. अख्ख्या आयुष्यात तिच्यासमोर दोनच पर्याय ठेवले गेले: कमावती म्हणून कैद किंवा गृहिणी म्हणून कैद. यांपैकी एका कैदेतून दुसरीत जाणाऱ्या बाईला आपण 'स्वच्छंद' म्हणतो!

दोन्ही लेबलांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही तिच्या स्वभावाबद्दल बोलतात. तिच्या कामाबद्दल, मजुरीबद्दल, ज्या वयात ते काम सुरू करवलं गेलं त्याबद्दल बोलत नाहीत. स्वभावाला दोष दिला किंवा स्वभावाची आरती केली, की बाकीचे सुटतात.

ही एकटीची गोष्ट नाही

'हा एका घरातला प्रकार, त्यावरून सगळ्यांना कशाला झोडायचं?' असं कुणी म्हणेल. मग आणखी तीन नावं घेतो.

मुमताज जहाँ. १९४२ च्या 'बसंत'मध्ये बेबी मुमताज, वय नऊ. १९४७ च्या 'नीलकमल'मध्ये राज कपूरची नायिका, वय चौदा. पुढे मधुबाला. तिचे करार, तारखा, कुठे जायचं नि कुठे नाही, हे सगळं वडील अताउल्ला खान बघत. 'नया दौर'च्या बाहेरगावच्या चित्रीकरणाला त्यांनी नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्या खटल्यातली आपल्याला काय आठवण आहे? दिलीपकुमारने साक्ष दिली आणि प्रेम मोडलं. एका कमावत्या बाईच्या कामाचा निर्णय तिचा बाप घेत होता आणि बदनामी तिची होत होती, ही त्या खटल्यातली खरी बातमी होती. ती गेली तेव्हा ३६ वर्षांची होती.

महजबीं. १९३९ मध्ये विजय भट्टांच्या 'लेदरफेस'मध्ये कॅमेऱ्यासमोर उभी केली तेव्हा सहाएक वर्षांची. पुढे बेबी मीना, मग मीनाकुमारी. घर तिच्या कमाईवर चाललं. १९७२ मध्ये ३८ व्या वर्षी गेली. आपण तिला 'ट्रॅजेडी क्वीन' म्हणून मोकळे झालो, जणू दुःख हा तिचा खास अभिनयप्रकार होता.

श्रीदेवी. ही तुमच्या ओळखीची. चौथ्या वर्षापासून तमिळ चित्रपटांत. १९७२ च्या 'बडी पंतुलु' या तेलुगू चित्रपटात ती एन. टी. रामाराव यांची नात होती. १९७९ च्या 'वेटगाडु'मध्ये ती त्यांचीच नायिका होती. तिला सोळा पुरी झालेली नव्हती आणि ते छपन्न वर्षांचे होते. मधल्या काळात, तेराव्या वर्षी, के. बालचंदर यांच्या 'मूंद्रु मुडिचु'मध्ये तिने रजनीकांतच्या पात्राची सावत्र आई रंगवली होती. मोठमोठी माणसं हे किस्से हसत हसत सांगतात, 'बघा, किती अष्टपैलू!' म्हणून. शाळेच्या बाकावर बसायच्या वयात तिला आजोबांच्या वयाच्या माणसाबरोबर प्रेमगीतं करायला लावली, हे वाक्य उच्चारायला आपली जीभ अडखळते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती गेली, तेव्हा वाहिन्यांनी स्टुडिओत बाथटब मांडून तिच्या मृत्यूची प्रात्यक्षिकं केली. पन्नास वर्षं काम केलेल्या बाईला मेल्यावरही कामाला लावलं.

भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, काळ वेगळे. साचा एकच. घराला पैसा हवा, घरात एक देखणी पोर, ओळखीतला एक माणूस आणि दारात उभी गाडी.

'पण लता मंगेशकर?'

वाद घालणाऱ्याने समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा घ्यावा. तो असा: लहानपणी काम केल्याने सगळ्याच मोडत नाहीत. लता मंगेशकर बघा.

बघू. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले. लता तेरा वर्षांचीही नव्हती, पाठीवर चार भावंडं. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये ती कॅमेऱ्यासमोर उभी होती. पुढची काही वर्षं मास्टर विनायकांच्या कंपनीत छोटी छोटी कामं केली. चेहऱ्याला रंग लावणं, दिग्दर्शक सांगेल तसं हसणं-रडणं तिला कधीच आवडलं नाही, हे तिने नंतर अनेकदा सांगितलं. लता मंगेशकरसुद्धा आधी एक लहान वयातली, नाइलाजाची नटी होती, हे आपण विसरतो.

मग ती वेगळी कशी ठरली? गळा अलौकिक होता, हे खरंच. पण मधुबालाकडे काय कमी होतं? मला वाटतं, एक फरक व्यवहारातला आहे. वडील गेल्यावर घराची कर्ती तीच झाली. तिच्या वतीने सही करणारा माणूस उरला नाही. पुढे गाण्यांच्या रॉयल्टीसाठी ती निर्मात्यांशी भांडली, त्यावरून मोहम्मद रफींशी वाद झाला, तरी ती हटली नाही. तेव्हाही तिला हिशेबी, पैशाला चिकट म्हणणारे होतेच. बाईने स्वतःच्या कमाईचा हिशेब विचारला, की आपल्याला तो स्वभावदोष वाटतो.

म्हणजे लताचं उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. प्रतिभा असून भागत नाही, सही आपली लागते, एवढं ते सांगतं. आणि एक लता उभी राहिली म्हणून बाकीच्यांना ढकलायला हरकत नाही, हा तर्क तर नदीतून एक पोर पोहून बाहेर आलं म्हणून सगळ्या वर्गाला पाण्यात टाकण्यासारखा आहे.

'नाहीतर ते घर उपाशी मेलं असतं' हाही मुद्दा येतो. असेलही. पण मग तसंच म्हणा. घर उपाशी होतं म्हणून मुलीला कामाला लावलं, असं लिहा. गरिबीची लाज वाटायचं कारण नाही. लाज वाटायला हवी ती गरिबी लपवून त्यावर 'पदार्पण' असं लिहिण्याची.

कायदा झाला आहे, वाचून बघा

१९२१ मध्ये चॅप्लिनच्या 'द किड'मुळे जॅकी कूगन हा मुलगा जगभर प्रसिद्ध झाला. त्याने लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर पैसे मागितले, तर आई आणि सावत्र वडिलांनी हात वर केले. कायदा त्यांच्या बाजूने होता, कारण अज्ञान मुलाची कमाई आईबापांची मानली जाई. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला. हाती आले सव्वा लाख डॉलरच्या आसपास. पण या प्रकरणाने इतका गहजब झाला, की १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाला बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग त्यांच्या नावे बाजूला ठेवायची सोय करणारा कायदा करावा लागला. त्यात पळवाटा होत्या, त्या बुजवायला २००० साल उजाडलं. तरी सुरुवात झाली.

१९३९. त्याच वर्षी मुंबईत महजबीं 'लेदरफेस'च्या सेटवर उभी होती.

आपल्याकडे बालमजुरीचा कायदा १९८६ चा. २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली आणि त्याच वेळी मनोरंजन क्षेत्राला सूट मिळाली. २०१७ च्या नियमांनी त्या सुटीला अटी घातल्या. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही. आणि कमाईच्या किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत.

चांगलंच आहे. पण पुन्हा वाचा. किमान २० टक्के. म्हणजे मुलीने शंभर रुपये कमावले, तर कायदा तिच्यासाठी वीस रुपयांची हमी देतो. उरलेले ऐंशी कुणाचे, याबद्दल तो गप्प आहे. आणि 'मूल' म्हणजे चौदा वर्षांखालचं. चौदावा वाढदिवस झाला, की मुदत ठेव संपली, पाच तासही संपले. 'नीलकमल'मधली मधुबाला या कायद्यात बसत नाही. 'वेटगाडु'मधली श्रीदेवी बसत नाही. लग्नाला कायदा अठरा वर्षं मागतो, मतदानाला अठरा मागतो. मुलीचं शरीर पडद्यावर विकायला चौदा पुरतात.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे या. गेल्या दिवाळीत एका नातेवाइकांकडे गेलो होतो. हॉलमध्ये रिंग लाइट, स्टँडला मोबाइल, समोर नऊवारी नेसवलेली सात वर्षांची मुलगी. आई मागून सांगत होती, 'डोळे मोठे कर. परत एकदा.' सातव्या का आठव्या वेळी मुलीने विचारलं, 'झालं का?' आईने प्रेमानेच सांगितलं, 'एक लास्ट.' आई वाईट नाही. घराचे हप्ते आहेत, अकाउंटला चांगले फॉलोअर्स आहेत, एका कपड्यांच्या दुकानाने पैसे देऊ केले आहेत.

इथे दंडाधिकाऱ्याची परवानगी कोण मागणार? तास कोण मोजणार? सेट म्हणजे घर आणि निर्माती म्हणजे आई. शिवाय शाळा सांभाळून घरच्या उद्योगाला हातभार लावायची मुभा याच कायद्यात मुलांना आहे. उद्या कुणी 'हा आमचा घरचाच उद्योग' म्हणालं तर? अमेरिकेत इलिनॉय राज्याने १ जुलै २०२४ पासून अशा कौटुंबिक व्हिडिओंतल्या मुलांच्या वाट्याचे पैसे बाजूला ठेवणं बंधनकारक केलं. आपण अजून 'किती गोड!' या टप्प्यावर आहोत.

मग करायचं काय?

माझ्या मागण्या फार नाहीत. बालकलाकारासाठीची वयोमर्यादा अठरा करा. किमान वीस टक्के हे प्रमाण उलटं करा: मुलीचे पैसे मुलीच्या नावे, आणि घराला खरोखर गरज असेल तर त्यातून काय घ्यायचं त्याचा लेखी हिशेब. पैसे मिळवून देणाऱ्या प्रत्येक कौटुंबिक अकाउंटला हे लागू करा. हे सरकारने करायचं.

लिहिणाऱ्यांनी करायचं त्याहून सोपं आहे. क्रियापद दुरुस्त करा. पुढची आदरांजली लिहिताना 'पदार्पण केलं'च्या जागी 'कामाला लावलं' लिहून बघा आणि मग उरलेला लेख तसाच लिहिता येतो का पाहा. येणार नाही. 'अभागी' आपोआप गळून पडेल, 'बंडखोर'ही.

पुस्तक आल्यावर वर्ष-दोन वर्षांतच हंसा वाडकर गेल्या, पन्नाशीही न गाठता. पुस्तकाला नाव दिलं ते आपल्याच सगळ्यात गाजलेल्या चित्रपटाचं. त्या नावातला दुसरा शब्द 'ऐका' आहे. आपण ऐकलं ते तिच्या प्रेमांबद्दल, दारूबद्दल, आणि पुढे त्यावर एक सुंदर चित्रपट बघितला. बारा-तेरा वर्षांच्या रतनला त्या दिवशी स्टुडिओत जायचं होतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

सात वर्षांच्या त्या मुलीने तरी विचारलं होतं, 'झालं का?' रील दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तेवढं कापलेलं होतं.